कंठ्यातले सतरा मणी

शिराळ्याला सगळे बत्तीस शिराळा म्हणतात. गावाच्या नावातच संख्या, तेव्हा तेथे बसून संख्यांच्या गप्पा माराव्यात हे तसे शोभूनच दिसले. एका शाळेत आम्ही काही शिक्षक शनिवारी दुपारी सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन बसलो होतो. फळ्यावर एक मनोरा चढत होता:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

चौथ्या ओळीनंतर मुलांनी गुणाकार करणे सोडून दिले. पुढची ओळ ती नुसतीच म्हणू लागली. नऊ एकांपर्यंत पोचल्यावर फळ्यावर ही सतरा अंकी संख्या उभी राहिली:

१२३४५६७८९८७६५४३२१

खात्री करून घ्यावी म्हणून आमच्यातल्या एकाने शाळेच्या संगणकावर, हिशेबाच्या तक्त्यात, १११११११११ ला १११११११११ ने गुणले. पडद्यावर आले १२३४५६७८९८७६५४३००. वर्ग गप्प झाला. शेवटी ३२१ हवे तेथे ३०० कसे? आमच्यातलेच एक जण हळूच म्हणाले, "संगणक कसा चुकेल? मुलांनी आकृतिबंध पाहून अंदाजाने लिहिलंय, ते चुकलं असणार." तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, एक गुणिले एक एकच ना? मग शेवटी शून्य आलं कुठून?"

मुलीचे बरोबर होते. एककस्थानी १ असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार शून्याने संपूच शकत नाही. मग आम्ही नवाचा ताळा घेऊन पाहिला. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ ने नि:शेष भाग जातो. तिच्या वर्गालाही तो गेलाच पाहिजे. संगणकाच्या उत्तरातील अंकांची बेरीज भरली ७८. ती ९ ने भागून ६ उरतात. मुलांच्या उत्तरातील अंकांची बेरीज ८१. संगणकावरचा तो तक्ता संख्येचे पहिले पंधरा अंकच लक्षात ठेवतो आणि उरलेल्या जागी शून्ये घालतो. व्यापाराच्या हिशेबाला तेवढे पुरते. सतरा अंकांच्या या संख्येला ते पुरले नाही.

या संख्येला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा बराच भाग आपल्याच मुलखात घडला आहे. तो वर्गात सांगण्यासारखा आहे, म्हणून येथे मांडतो.

राजाच्या गळ्यातला कंठा

इसवी सनाच्या नवव्या शतकात दख्खनवर राष्ट्रकूटांचे राज्य होते. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्यात येत असे. अमोघवर्ष नृपतुंग हा राजा ८१४ ते ८७८ या काळात मान्यखेटाहून, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेडहून, राज्य करीत होता. त्याच्या आश्रयाने महावीराचार्य या जैन गणितज्ञाने सुमारे ८५० साली 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ लिहिला. त्या काळी गणित बहुधा ज्योतिषाच्या ग्रंथातले एखाद-दुसरे प्रकरण म्हणून येई. महावीराचार्यांचा ग्रंथ मात्र केवळ गणिताचा आहे. त्यात दशमान पद्धतीची चोवीस स्थाने नावांनिशी दिली आहेत. चोविसाव्या स्थानाचे नाव महाक्षोभ, म्हणजे एकावर तेवीस शून्ये.

या ग्रंथात गुणाकाराची उदाहरणे देताना महावीराचार्यांनी एक गंमत केली आहे. उत्तरे अशी यावीत की ती गळ्यातल्या कंठ्यासारखी दिसावीत: डावीकडून वाचा की उजवीकडून, मणी त्याच क्रमाने यावेत. त्यांतली काही उदाहरणे पाहा:

१३९ × १०९ = १५१५१
१५२२०७ × ७३ = ११११११११
१२३४५६७९ × ९ = १११११११११
२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

शेवटच्या उत्तराचे वर्णन ते 'एकापासून सुरू होऊन सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी' अशा अर्थाच्या शब्दांत करतात. आमच्या फळ्यावरच्या मनोऱ्याची ही सहावी पायरी. आता ४४१ म्हणजे २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग. २१ आणि ५२९१ यांचा गुणाकार करून पाहा: बरोबर ११११११ येतो. म्हणजे हे उदाहरण सहा एकांच्या वर्गाचेच आहे, फक्त त्याचे तुकडे वेगळ्या तऱ्हेने जोडले आहेत. विद्यार्थ्याला ओळखू येऊ नये अशा बेताने शिक्षकाने रचलेले हे उदाहरण आहे, हे कोणाही शिक्षकाच्या चटकन ध्यानात येईल.

आपली सतरा अंकी संख्या या कंठ्याची मोठी बहीण. तिचा पहिला अंक दशमान पद्धतीच्या सतराव्या स्थानावर बसतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. त्यांतल्या सतराव्या स्थानाचे नाव 'मध्य'. मुलांना ही नावे पाठ करायला लावावीत असे आम्ही म्हणत नाही. पण इतक्या मोठ्या संख्येच्या प्रत्येक घराला आपल्याकडे नाव होते, हे त्यांना कळायला हवे.

डोंबिवलीचे स्टेशन आणि देवळालीचे शिक्षक

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्याला आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, गणितातील स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेऊन बाहेर पडले. पुढचे शिक्षण घेतले नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत राहिले.

मुंबईहून तीस मैलांवर असलेल्या, जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो म्हणजे डोंबिवली स्टेशनवर त्यांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या. म्हणून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या असेच नाव दिले. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज करावी. बेरजेत एकच अंक पुन:पुन्हा यावा आणि तोच अंक मधल्या भागात असावा. उदाहरणार्थ २५५३ घ्या. डावा भाग २, उजवा ३, त्यांची बेरीज ५, आणि मध्ये ५५. किंवा ४७७७३: ४ आणि ३ मिळून ७, मध्ये ७७७.

आपल्या संख्येचे असे तीन भाग करून पाहू:

१२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१

डावा आणि उजवा भाग मिळवले की ९९९९९९९९ येतात आणि मध्ये ९ आहेच. एकांच्या वर्गांतून येणाऱ्या या मनोऱ्याला कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले. या विषयावरचा त्यांचा लेख १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासोबत लिहिलेला 'थिअरी ऑफ डेम्लो नंबर्स' हा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कापरेकरांचे नाव आज बहुतेकांना ६१७४ या संख्येमुळे माहीत असते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. पण त्यांचे काम याहून पुष्कळ मोठे आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. आपली संख्या हर्षद आहे का? अंकांची बेरीज ८१. महावीराचार्यांच्या उदाहरणाप्रमाणे १११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की

१२३४५६७८९८७६५४३२१ = ८१ × १२३४५६७९ × १२३४५६७९

म्हणजे ८१ ने भाग जातोच. मात्र मनोऱ्याच्या सगळ्याच पायऱ्या हर्षद नाहीत. महावीराचार्यांच्या १२३४५६५४३२१ च्या अंकांची बेरीज ३६. पण ही संख्या विषम, तेव्हा तिला ३६ ने भाग जाणे शक्यच नाही. पहिल्या नऊ पायऱ्यांपैकी फक्त पहिली, तिसरी आणि नववी हर्षद निघतात. का, ते मुलांना शोधू द्यावे.

हातच्याची करामत

आता मुख्य प्रश्न. मनोरा असा का चढतो? नेहमीच्या पद्धतीने गुणाकार मांडा. १११११११११ ही ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची आणि रकान्यांची बेरीज करायची. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करीत नवव्यात नऊ. तेथून पुढे एकेक कमी. कोणत्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा कोठेही येत नाही आणि रकान्यांची उंचीच उत्तरात जशीच्या तशी उतरते. अंकांची बेरीज ८१ का, तेही आता उघड आहे: मांडणीत एकूण नऊ ओळींत नऊ-नऊ एक आहेत.

हाच मनोरा दुसऱ्या एका ठिकाणी भेटतो. लुडोचे दोन फासे टाका. बेरीज २ येण्याचा मार्ग एक, ३ येण्याचे दोन, ४ चे तीन, ७ चे सहा, आणि मग उतरत १२ चा एक. हे आकडे ओळीने लिहिले की महावीराचार्यांचा १२३४५६५४३२१ हा कंठा तयार होतो. एकूण मार्ग ३६. फाशांऐवजी दोन डब्यांत १ ते ९ अंकांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकातून एक काढली तर आपली सतरा अंकी संख्या मिळते. तेव्हा हा आकडा केवळ कागदावरची शोभा नाही. दोन गोष्टींच्या बेरजा कशा वाटल्या जातात याचे ते चित्र आहे.

मग शिराळ्याच्या मुलांनी अपेक्षेप्रमाणे विचारले, "दहा एक घेतले तर?" मनोरा पाठ म्हणणाऱ्यांची येथे गाडी अडते, कारण दहा हा अंक एका घरात मावत नाही. मांडणी केली की मधल्या रकान्यात १० येतात. ० मांडून हातचा १. शेजारी ९ आणि हातचा १ मिळून पुन्हा १०. ० मांडून हातचा १. त्याच्या शेजारी ८ आणि १ मिळून ९. तेथे हातचा संपतो आणि पुढे ७, ६, ५ असे उतरत जाते:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

कंठा तुटला. डावीकडचा ८ नाहीसा झाला. मुले हिरमुसली. पण कापरेकरांनी सुचवलेली आणखी एक कसोटी या तुटलेल्या कंठ्याला लावून पाहा. त्यांनी अशा संख्या शोधल्या होत्या की ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळ संख्या परत येते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. या संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या नव्या वर्गाचे उजवीकडचे दहा अंक वेगळे काढा:

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

दहा एक परत आले! मनोरा जेथे बिघडला असे वाटले तेथेच एक कापरेकर संख्या उभी होती. नऊ एकांच्या वर्गाचे उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढून असेच करा: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. तेथे नऊ एकांऐवजी नऊ नऊ मिळतात.

याचे कारण शालेय गणितात बसणारे आहे. दहा एकांच्या संख्येला 'न' म्हणू. ९ × न = ९९९९९९९९९९, म्हणजे एकावर दहा शून्यांपेक्षा एक कमी. त्यामुळे कोणत्याही संख्येचे उजवीकडचे दहा अंक आणि उरलेला डावा भाग यांची बेरीज केली, की त्या बेरजेला ९न ने भागून उरणारी बाकी मूळ संख्येच्या बाकीइतकीच असते. नवाच्या ताळ्याचेच हे थोरले रूप. आता 'न'चा वर्ग वजा न म्हणजे न × (न − १). न − १ म्हणजे १११११११११०. तिच्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो. म्हणजे 'न'च्या वर्गाची ९न ने भागून उरणारी बाकी न आहे. तुकड्यांच्या बेरजेची बाकीही तीच. ती बाकी देणारी 'न'च्या पुढची संख्या १०न, आणि तुकड्यांची बेरीज इतकी मोठी होऊच शकत नाही. तेव्हा ती 'न'च असली पाहिजे. नऊ एकांच्या बाबतीत मूळ संख्येलाच ९ ने भाग जातो, त्यामुळे बाकी शून्य उरते आणि बेरीज नवांची येते.

महावीराचार्यांच्या १२३४५६७९ मध्ये ८ का नाही, याचे उत्तरही येथेच आहे. १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असा आवर्ती दशांश अपूर्णांक येतो. १/९ म्हणजे ०.१११११..., त्याचा वर्ग १/८१. या गुणाकारातही रकाने १, २, ३ असे चढत जातात, दहावर हातचा येतो, तो ९ ला ० करतो आणि ८ ला ९. हरवलेल्या आठाचा चोर दोन्हीकडे एकच.

ही करमणूक की गणित?

कापरेकरांच्या हयातीत हा प्रश्न अनेकांनी विचारला. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचे काम गंभीरपणे घेतले नाही. त्यांच्या कितीतरी पुस्तिका त्यांना स्वत:च छापाव्या लागल्या. इंग्लंडचे थोर गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण दिले आहे. या आपल्याच उलट्या रूपाच्या पूर्ण पटी आहेत: ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९. अशा गोष्टी वृत्तपत्रांतल्या कोड्यांना ठीक, पण त्यांतून पुढे काही व्यापक निघत नाही, असे हार्डींचे म्हणणे होते.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. दहा बोटांमुळे आपण दशमान पद्धत वापरतो. एखाद्या संख्येचा चमत्कार केवळ त्या योगायोगावर उभा असेल तर त्याची किंमत कमीच. म्हणून ही कसोटी आपणही लावावी. अष्टमान पद्धतीत, जेथे ७ नंतर १० येतात, सात एकांचा वर्ग करा: १२३४५६७६५४३२१. मनोरा तेथेही आहे, फक्त सातावर थांबतो. कारण रकान्यांची उंची कोणत्याही पद्धतीत तीच. हातचा कोठे येतो एवढेच बदलते. म्हणजे आकडा दशमान पद्धतीचा असला तरी त्यामागचे कारण तिच्यापुरते नाही. नुसता चमत्कार सांगून थांबलो तर हार्डी बरोबर ठरतात. कारण शोधले आणि ते कोठवर चालते ते पाहिले, तर आपण गणित केले.

कापरेकरांना जगाने ओळखले ते मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा. तोपर्यंत त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले. त्यांनी आयुष्यभर हाताळलेल्या गोष्टी गुणाकार, वजाबाकी, भागाकार आणि हातचा याच होत्या. त्या कोणत्याही चौथीच्या वर्गात असतात.

शिराळ्याहून निघताना आम्ही फळा पुसला नाही. संगणकाचे उत्तर आणि मुलांचे उत्तर शेजारी-शेजारी राहू दिले आणि त्यांच्याखाली त्या मुलीचा प्रश्न लिहिला. आपल्या वर्गात हा मनोरा रचाल तेव्हा नवव्या पायरीवर थांबू नका, ही विनंती. मुलांना दहावी पायरी स्वत: मांडू द्या, कंठा तुटू द्या, आणि मग अकरा एकांचा वर्ग करायला सांगा. तेथे काय होते ते आम्ही मुद्दामच येथे सांगितलेले नाही.